लग्नाचा फोटोवाला ठरवताना : आधी दर समजून घ्या, मग इसार द्या



तुळशीचं लग्न झालं की आपल्या भागात लग्नसराई सुरू होते. गटाच्या बैठकीत कर्जमागणीच्या अर्जावर 'मुलीचं लग्न' हे कारण दिसायला लागतं. अर्ज करणाऱ्या ताईला खर्च कशाकशाचा आहे असं विचारलं, तर मांडव, किराणा, कपडे, भांडी, सोनं यांचा हिशोब ती तोंडपाठ सांगते. तेलाचे डबे किती आणि साखर किती किलो हेही सांगते. पण फोटो-व्हिडिओचं विचारलं की एकच गोल आकडा येतो. 'पॅकेज आहे म्हणे', 'पोरानं ठरवलंय', 'मामानं बोलून घेतलंय', एवढंच उत्तर मिळतं. त्या पॅकेजमध्ये काय आहे हे पैसे देणाऱ्या आईला माहीत नसतं.

तूर डाळ घेताना आपण मूठभर हातावर घेतो, खडा आहे का बघतो, मग भाव करतो. या पाठात फोटोचं पॅकेज तसंच हातावर घेऊन बघू.

पैसे नेमके कशाचे असतात?

पूर्वी कॅमेऱ्यात रोल असायचा. एका रोलवर ३६ फोटो निघायचे. रोल विकत आणायचा, धुवायला द्यायचा, प्रत्येक फोटोची कॉपी काढायची. म्हणून तेव्हा फोटो मोजून काढत आणि पैसे फोटोवर ठरत. आता कॅमेऱ्यात कार्ड असतं. शंभर फोटो काढले काय आणि हजार काढले काय, कार्डाचा खर्च तोच. त्यामुळे 'आम्ही दोन हजार फोटो देतो' हे ऐकून भुलू नका. फोटो जास्त निघाले म्हणून फोटोवाल्याचा खर्च फारसा वाढत नाही.

आता पैसे तीन गोष्टींचे असतात.

पहिली, माणसं आणि दिवस. किती माणसं येणार आणि किती वेळ थांबणार? एक फोटोवाला आणि एक व्हिडिओवाला ही साधी जोडी. 'कॅन्डिड' म्हणजे माणसाला उभं न करता, तो हसता-बोलता असताना टिपलेले फोटो. त्यासाठी बहुतेक वेळा वेगळा माणूस येतो आणि त्याची मजुरी वेगळी लागते. साखरपुडा, हळद, लग्न, वरात असे कार्यक्रम वाढले की मजुरीही वाढते.

दुसरी, यंत्रं. ड्रोन, क्रेन, मांडवातली मोठी एलईडी स्क्रीन. अनेक फोटोवाले ही यंत्रं दुसऱ्याकडून भाड्यानं आणतात आणि ते भाडं आपल्या बिलात येतं. आपल्या बायकांना ड्रोन म्हटलं की फवारणीचा ड्रोन आणि ड्रोन दीदी आठवते. लग्नातला ड्रोन लहान असतो, पण नियम त्यालाही आहेत. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी क्रमांक लागतो.

तिसरी, लग्नानंतरचं काम. फोटो निवडणं, त्यांचा रंग नीट करणं, अल्बमची पानं मांडणं, व्हिडिओचं मिक्सिंग, अल्बमची छपाई. हे काम आपल्याला दिसत नाही, पण त्याला बरेच दिवस जातात. अल्बमचा दर सहसा शीटवर असतो. एक शीट म्हणजे अल्बम उघडल्यावर दिसणारी समोरासमोरची दोन पानं. '१२ बाय ३६' म्हटलं तर अल्बम उघडल्यावर तो १२ इंच उंच आणि ३६ इंच रुंद असतो. ४० शीट म्हणजे ८० पानं झाली.

दर कशानं वर-खाली होतो?

मोठ्या मुहूर्ताला एकाच दिवशी आसपासच्या दहा गावांत लग्नं असतात आणि फोटोवाले तेवढेच असतात. अक्षय्य तृतीयेच्या आसपास आणि मे महिन्यातल्या दाट तारखांना दर चढतो. तीच माणसं सुट्या तारखेला कमी पैशात येतात. म्हणून तारीख ठरवताना मंगल कार्यालय मोकळं आहे का हे विचारतो, तसं फोटोवाल्यालाही विचारावं.

दुसरं, अंतर. वालूरच्या लग्नाला सेलूहून येणारा आणि परभणीहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून येणारा, यांच्या गाडीभाड्यात आणि मुक्कामात फरक पडतो. भाडं पॅकेजमध्ये धरलंय की वेगळं, हे आधी विचारा.

तिसरं, दोन्हीकडचे वेगवेगळे फोटोवाले. एकाच मांडवात मुलीकडचा एक आणि मुलाकडचा एक, दोघं एकमेकांच्या पुढं उभे राहतात. अक्षता पडताना पाहुण्यांना त्यांच्या पाठी दिसतात आणि दोन घरांचा मिळून दुप्पट खर्च होतो. दोन्ही घरांनी मिळून एकच ठरवला, फोटो दोघांनी घेतले आणि अल्बम मात्र दोन छापले, तर माणसांची मजुरी अर्धी-अर्धी वाटून जाते.

एक पॅकेज सोडवून बघू

खालचे आकडे हिशोब शिकण्यासाठी धरले आहेत. तुम्ही सेलू, जिंतूर, मानवत किंवा परभणीत किमान तीन ठिकाणी विचारा आणि मिळालेले दर याच जागी लिहा. समजा, एकानं ४५,००० रुपयांचं पॅकेज सांगितलं. आपण म्हणायचं, 'दादा, याची फोड करून द्या.' समजा, ती अशी निघाली :

- फोटोवाला, हळद आणि लग्न : ८,०००
- व्हिडिओवाला, हळद आणि लग्न : ८,०००
- कॅन्डिडचा वेगळा माणूस : ७,०००
- ड्रोन : ५,०००
- प्री-वेडिंग शूट : ५,०००
- अल्बम ४० शीट, दर शीटला १५० : ६,०००
- अल्बमचं कव्हर आणि पेटी : २,०००
- मिक्सिंग आणि पेनड्राइव्ह : ४,०००
- एकूण : ४५,०००

आता एकेका ओळीवर बोट ठेवा आणि घरात विचारा, हे नसलं तर लग्नात काय कमी पडेल?

ड्रोन वरून मांडवाचं कापड आणि माणसांची डोकी दाखवतो. ते बघायला पाच मिनिटं छान वाटतं. प्री-वेडिंगसाठी लोक लांब जातात, भाड्यानं कपडे आणतात. आपल्या वालूरला गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव आहे, ती बघायला बाहेरगावची माणसं येतात. मुला-मुलीची आणि दोन्ही घरांची इच्छा असेल तर सकाळच्या उन्हात तिथं घरच्या मोबाइलवरही चांगले फोटो येतात. फक्त काठावर आणि ओल्या पायऱ्यांवर उभं राहू नका.

कॅन्डिड, ड्रोन आणि प्री-वेडिंग काढलं तर १७,००० कमी झाले, राहिले २८,०००. अल्बम ४० ऐवजी २५ शीटचा केला तर ६,००० चे ३,७५० झाले, म्हणजे आणखी २,२५० वाचले. आता बिल २५,७५० रुपयांचं झालं. १९,२५० रुपये वाचले आणि हळदीचा, लग्नाचा, पाठवणीचा एकही फोटो कमी झाला नाही.

ज्या घरात ऐपत आहे आणि मुलीला ड्रोनची हौस आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. काय घेतोय आणि कितीला घेतोय हे कळून घ्यावं, एवढंच सांगणं आहे.

आधी एकूण आकडा, मग फोटो

बहुतेक घरांत आधी फोटोवाला ठरतो आणि मग पैसे शोधले जातात. क्रम उलटा करा. आधी लग्नाला एकूण किती पैसे हातात येणार ते लिहा : साठवलेले, कापूस-सोयाबीनचे, भावांनी द्यायचे कबूल केलेले. आहेर त्यात धरू नका, कारण तो किती येईल हे लग्नानंतरच कळतं.

मग त्यातले फोटोला किती, ते ठरवा. माझं सुचवणं असं की शंभरातले दहा रुपये ही वरची मर्यादा धरा. एकूण खर्च तीन लाखांचा असेल तर फोटो-व्हिडिओ ३०,००० च्या आत. दीड लाखाचा असेल तर १५,००० च्या आत. १५,००० मध्ये एक फोटोवाला, लग्नाचा एकच दिवस आणि लहान अल्बम असं बसवता येईल का, हे विचारून बघा. फोटोवाल्याकडे जाताना हा आकडा मनात ठेवा आणि 'एवढ्यात काय काय बसतं?' असं विचारा. 'तुमचं पॅकेज कितीचं?' असं विचारलं की बोलणं मोठ्या आकड्यापासून सुरू होतं.

लग्नाला दोन वर्षं अवकाश असेल तर बँकेत आवर्ती ठेव सुरू करा. महिना ५०० रुपये भरले तर २४ महिन्यांत १२,००० होतात, वर व्याज मिळतं. फोटोचा निम्मा भार तिथंच हलका होतो.

फोटोसाठी कर्ज काढायचं का?

गटाचं अंतर्गत कर्ज आपलंच आहे, अडीअडचणीला घ्यायलाच हवं. पण त्याची किंमत बघू. ३०,००० रुपये घेतले, व्याज शेकडा महिना २ रुपये, मुद्दल दर महिना १,५०० प्रमाणे २० हप्त्यांत. पहिल्या महिन्याचं व्याज ६००, पुढे दर महिन्याला ३० रुपयांनी कमी होत जातं. वीस महिन्यांचं व्याज ६,३०० होतं. म्हणजे ३०,००० चे फोटो ३६,३०० ला पडले.

हेच पैसे सावकाराकडून शेकडा ५ नं घेतले तर महिन्याला १,५०० रुपये नुसतं व्याज. वर्षात १८,००० दिले तरी ३०,००० डोक्यावर तसेच. गटात जे १,५०० भरून मुद्दल फिटत जातं, तेच १,५०० सावकाराकडे व्याजातच जातात.

यात वेळेचाही प्रश्न आहे. आपल्याकडची बरीच लग्नं एप्रिल-मे मध्ये होतात. त्यानंतर लगेच मृग लागतो. बियाणं, खत, मजुरी सगळं जूनमध्ये एकदम उभं राहतं. वर वाचवलेले १९,२५० रुपये पेरणीच्या तोंडावर हातात असले तर दुकानदाराकडे उधारीवर जावं लागत नाही. एका दिवसाच्या हौसेसाठी पुढचा अख्खा हंगाम उधारीत घालायचा का, हे आईनंच ठरवावं. गहाण ठेवायची वेळ आली तर बहुतेक वेळा तिचेच दागिने जातात.

बोलणी कुणी आणि केव्हा करायची?

सोयरीक जमल्यावर दोन्हीकडची माणसं खर्चाचं बोलायला बसतात, तेव्हाच फोटोचा विषय काढा. एकच फोटोवाला ठेवायचा की दोन, ड्रोन कुणाला हवा, त्याचे पैसे कोण देणार. ज्याची हौस, त्याचा खर्च, असं गोडीत सांगता येतं. नंतर, पत्रिका वाटून झाल्यावर निरोप आला की मुलीचा बाप नाही म्हणू शकत नाही.

फोटोवाल्याकडे जाताना घरातली एक बाई सोबत असावी. त्याच्याकडून एखाद्या लग्नाचा पूर्ण अल्बम आणि पूर्ण व्हिडिओ बघा. दुकानात लावलेले निवडक पाच फोटो बघून काही कळत नाही. मांडवात दिवे लागल्यावर रात्रीचे फोटो कसे आलेत ते मुद्दाम बघा, कारण उजेड कमी असताना काम कसं आहे ते तिथं दिसतं. आणि विचारा, 'लग्नाला तुम्ही स्वतः येणार की दुसरा माणूस पाठवणार?'

भाव करताना समोरच्याचाही विचार करू या. तोही आपल्याच भागातला पोरगा असतो. चातुर्मासात त्याला लग्नाचं काम नसतं, कॅमेऱ्याचे हप्ते मात्र चालू असतात. दर इतका पाडू नका की तो अर्ध्यातून दुसऱ्या लग्नाला पळेल. नको असलेल्या गोष्टी काढा आणि उरलेल्या कामाचे पैसे वेळेवर द्या.

इसार देण्याआधी कागद करा

साधा कागद चालतो. गटाच्या सचिवताईकडून किंवा घरातल्या शिकलेल्या मुलीकडून लिहून घ्या, दोघांच्या सह्या करा आणि एक-एक प्रत ठेवा. त्यावर हे असावं :

१. दोघांची नावं, पत्ता, फोन.
२. कार्यक्रम, तारीख, ठिकाण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत.
३. किती माणसं येणार, कोणकोण.
४. अल्बमचं माप, शीट किती, शीटचा दर. शीट वाढवायची असेल तर आधी विचारायचं.
५. निवडलेले नसलेले सगळे फोटोही पेनड्राइव्हवर देणार का.
६. अल्बम आणि व्हिडिओ कोणत्या तारखेपर्यंत देणार.
७. एकूण रक्कम, गाडीभाडं आणि जेवण धरून की सोडून.
८. हप्ते : पाव इसार, अर्धे लग्नाच्या दिवशी, उरलेले पाव अल्बम हातात आल्यावर.
९. लग्नाची तारीख बदलली तर इसाराचं काय.
१०. मुलीचे फोटो, व्हिडिओ विचारल्याशिवाय इन्स्टाग्राम, यूट्यूबवर टाकायचे नाहीत.

शेवटचा पाव हिस्सा अल्बम येईपर्यंत राखून ठेवणं महत्त्वाचं आहे. सगळे पैसे मांडवातच देऊन टाकले की आपला अल्बम मागे पडत जातो. पैसे शक्यतो फोन-पे किंवा बँकेतून द्या, रोख दिले तर पावती घ्या. बिलात जीएसटी लावला असेल तर बिलावर त्यांचा जीएसटी क्रमांक असला पाहिजे. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही.

दहाव्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क आपला असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. म्हणून छापील फॉर्मवर सही करताना 'फोटोंचे सर्व हक्क स्टुडिओचे' अशी ओळ आहे का ते वाचून घ्या.

लग्नाच्या दिवशीची यादी

कुणाकुणाचे फोटो हवेतच, त्याची यादी करून फोटोवाल्याच्या हातात द्या. माणसं ओळखणारा घरातला एक मुलगा किंवा मुलगी त्याच्यासोबत ठेवा. यादीत आजी-आजोबा पहिले घ्या. सकाळी, ते थकायच्या आधी त्यांचा फोटो होऊ द्या. मग मामा-मामी, आत्या, शेजारच्या काकू, मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणी, स्वयंपाकाला राबलेल्या बाया.

आणि यादीत आईचं नाव लिहा. अल्बम उघडून बघा, मुलीची आई किती फोटोंत सापडते? ती स्वयंपाकाकडे असते, मानपानाच्या साड्या मोजत असते, पाहुण्यांना जेवायला बसवत असते. पाठवणीला रडताना तेवढी दिसते. हळदीआधी पाच मिनिटं काढा, नवी साडी नेसून मुलीसोबत एक आणि नवऱ्यासोबत एक फोटो काढून घ्या. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

लग्नानंतर

अल्बम उशिरा येण्याचं एक कारण आपल्याच घरात असतं. फोटो निवडून द्यायचं काम महिनोन्‌महिने राहून जातं. पंधरा दिवसांत निवडून द्या. फोटो दोन ठिकाणी साठवा, कारण पेनड्राइव्ह खराब होऊ शकतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ मापात येतो.

दोन-चार फोटो लगेच छापून घ्या. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करताना नमुना 'ड' अर्ज, लग्नपत्रिका, वयाचे पुरावे आणि तीन साक्षीदार यांच्यासोबत लग्नाचा फोटो मागतात. नोंदणी ९० दिवसांच्या आत करून घ्या. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण असलंच पाहिजे, हे तर तारीख धरण्याआधीच बघायचं.

ठरलेलं काम झालंच नाही तर आधी कागद दाखवून बोला. तरीही दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तिथंही पहिला प्रश्न असतो, 'लिहिलेलं काय आहे?'

पुढच्या बैठकीत करून बघा

१. ज्यांच्या घरी मागच्या दोन वर्षांत लग्न झालं, त्या ताईंनी फोटोला किती दिले आणि त्यात काय मिळालं ते सांगावं. सगळ्यांचे आकडे एका कागदावर मांडा. हा आपल्या गावाचा दरतक्ता झाला. दरवर्षी त्यात भर घाला.
२. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे, त्यांचं पॅकेज फळ्यावर सोडवा. प्रत्येक ओळीवर सगळ्यांनी मत द्यावं, पण शेवटचा निर्णय त्या घराचा.
३. लग्न झालेल्या ताईंना विचारा : तुमचा अल्बम शेवटचा कधी उघडला आणि कोणत्या फोटोवर थांबलात?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं ऐकून मग ड्रोनचं ठरवा.